रामधनने लावलं नाही ते कुलूप

मंगळवार, जानेवारीतली संध्याकाळ

आज रामधनवर ओरडले. तुरुंगातून सुटल्यापासून त्याला कोणी दारात उभं करत नव्हतं. सुटलेल्या कैद्यांसाठीच्या आमच्या संस्थेच्या वतीने हातापाया पडून मी लोहारा गावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदारी मिळवून दिली, आणि हा एका रात्रीत सोडून आला! कारण काय, तर कुलूप. मजूर आत झोपले की बाहेरून कुलूप लावायचं.

“मजूर पळतात म्हणून मालक लावायला सांगतो. तुझं काय जातं?” मीच म्हटलं हे?

“ताई, मी रातभर दरवाज्यात आडवा पडून राहीन. पन कुलूप नाही लावत.”

“अरे, आतून हाक आली की उघडायचं!”

“जेलात आमालेही असंच सांगे. आमच्या बराकीतला बुढा हाका मारू मारू मेला.”

त्या कुलपाआड माणसं, आणि भोवती सगळा कापूस. एक ठिणगी पडली तर? मालकापुढे हात जोडताना हे मला दिसलंच कसं नाही?

उद्या जिनिंगमध्ये जाणार आहे. रामधनला परत घ्या, हे नंतर सांगेन. आधी कुलूप.