फोटोतले हात

ती. आईस, तुझ्या धाकटीचा नमस्कार.

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आमच्या दुकानात टॉवेल-चादरींच्या विभागाला मॅनेजर हवा होता. सात वर्षं मी तिथेच उभी आहे, म्हणून मुलाखत दिली. साहेबांनी एक फोटो पुढे सरकवला. "सगळ्या शाखांत टॉवेलची घडी अशीच लागते. शिकवाल?"

फोटोतले हात माझे होते, घडी तू लहानपणी शिकवलेली. तसं सांगितलं, तर म्हणाले, "वा. पण आम्हाला बाहेरचा अनुभव हवाय."

बाहेरचा आलाही. सोमवारपासून त्याला घडी मीच शिकवायची आहे. शिकवीन, पण शेवटी कोपरा आत दाबायचा, ते नाही सांगणार. लागू देत ढीग कोसळायला.

बाबांना एवढंच सांग, मुलाखतीत माझ्या कामाचं कौतुक झालं.

तुझी,
धाकटी