हिरव्या पाच सिरीजची निरवानिरव

मी, दौलत शामराव कुडतरकर, वय वर्षे बहात्तर, निवृत्त लिफ्ट मेकॅनिक, राहणार गोमती हाइट्स, लालबाग, मुंबई, आज माझ्या राहत्या घरी, जेवण उरकून, पूर्ण शुद्धीत बसून हे लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझ्या पत्नीचे म्हणणे असे की आयुष्यात कोणाचा तरी असता तर बरे झाले असते.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, दोन्ही बरोबर सांगितले. मग त्यांनी सहज, "गाडी कुठली वापरता?" असे विचारले. मी सांगायला सुरुवात केली. सिलिंडर हेडच्या गॅस्केटपर्यंत आलो तोवर त्यांनी दाखला लिहून माझ्या हातात दिला होता आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले होते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात गाडी वेगळ्या माणसाला गेली असती. त्याचा खुलासा योग्य ठिकाणी येईल.

१. घर. गोमती चाळीच्या पुनर्विकासात मिळालेली, वर नमूद इमारतीतील सदनिका माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. सुचित्रा हिच्या एकटीच्या मालकीची राहील. हॉलच्या कोपऱ्यात जो गिअरबॉक्स चादरीखाली ठेवला आहे तो तिने इतकी वर्षे पाहुण्यांना टेबल म्हणून दाखवला, याबद्दल तिचे आभार. तो आता काढला तरी माझी हरकत नाही.

२. बँकेतील ठेवी. निम्म्या सुचित्रास, निम्म्या माझी एकुलती एक मुलगी आकांक्षा हिला. यात वादाला जागा नाही.

३. माझे जावई राकेश यांस गाडीचा जुना हॉर्न द्यावा. राकेशराव विजेवरची गाडी चालवतात आणि ती आवाज करत नाही याचा त्यांना अभिमान आहे. ठाण्याहून आले की मागे येऊन उभे राहतात आणि आम्ही दचकतो. त्यांनी हॉर्न बसवावाच असा आग्रह नाही, पण घरात दिसेल असा ठेवावा.

४. आता मुख्य मिळकत. सन एकोणीसशे एक्याण्णवची बीएमडब्ल्यू, पाच सिरीज, रंग गडद हिरवा, सहा सिलिंडर एका ओळीत. ही गाडी मला नेपियन सी रोडवरच्या एका म्हाताऱ्या पारशी बाईंच्या इमारतीत दिसली. मी लिफ्ट दुरुस्त करायला गेलो होतो. ताडपत्रीखालून नुसते नाक दिसत होते, ते पाहून मी पाना तसाच खिशात ठेवला आणि बाईंना भेटायला वर गेलो. जिन्याने गेलो, कारण लिफ्ट अजून बंद होती. बाई म्हणाल्या, "तू तिला चालू करशील, तर घेऊन जा. मला ती बंद पडलेली बघवत नाही."

गाडी चालू करून लालबागला आणायला मला एक उन्हाळा लागला. चाळीच्या आवारात ती वळली तेव्हा सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. कोणी नारळ आणला, कोणी हळदकुंकू. सुचित्रा शाळेत शिकवून नुकतीच आली होती. तिने आमच्या दीड खोलीकडे पाहिले, गाडीकडे पाहिले आणि आपल्या मालवणीत एवढेच विचारले, "आणि ही खंय झोपतली?"

५. माझी सर्व हत्यारे माझा मित्र नारायण ऊर्फ नाना तांबे, राहणार बीडीडी, वरळी, यास द्यावीत. नाना गोदीत फिटर होता. गाडी माझी असली तरी तिची अर्धी दुखणी नानाने काढली आहेत आणि बाकीची अर्धी आम्ही दोघांनी मिळून लावली आहेत. संचात दहा नंबरचा पाना नाही. तो इंजिनात कुठेतरी पडला आहे, सबब तो गाडीबरोबर जाईल.

त्याचबरोबर दुधाचे स्टीलचे पातेलेही नानालाच द्यावे. गाडी का तापते हे बघताना थर्मोस्टॅट (इंजिनात थंड पाणी सोडणारी झडप) काढून उकळत्या पाण्यात टाकावा लागतो. वेळेवर उघडला तर चांगला, नाही तर बदलायचा. एका रविवारी आम्ही तो ओट्यावरच्या पातेल्यात उकळला. उघडला, फार बरे वाटले. सुचित्रा बाजारातून आली, तिने त्याच पातेल्यात चहा टाकला, आणि तिचा भाऊ पहिला घोट घेऊन म्हणाला, "ताई, मसाला बदललास काय?" त्या दिवसापासून ते पातेले घरात नाही, गॅलरीत आहे. नानाला पातेले मिळत असल्यामुळे तो या कागदावर साक्षीदार म्हणून चालणार नाही असे वकिलांनी सांगितले. नाना म्हणाला, "मग पातेलं राहू दे, मी सही करतो." मी ऐकले नाही.

६. सोसायटीस: पार्किंगमधील तेलाचा डाग. तो निघत नाही.

७. गाडी कोणास द्यावी हे सांगण्याआधी गेल्या मे महिन्यात काय घडले ते सांगणे भाग आहे, नाही तर लोक म्हणतील म्हातारा शेवटी भ्रमिष्ट झाला.

काही वर्षांपूर्वी मी गाडीला आखूड स्प्रिंगा बसवल्या आणि पुढच्या बंपरखाली एक फायबरची पट्टी लावली. गाडी जमिनीला धरून बसली. दिसायला अशी झाली की रस्त्यावरची माणसे वळून बघत. अडचण एकच. कुठलाही स्पीडब्रेकर आला की तिचे पोट घासे, म्हणून आतल्या माणसांनी उतरायचे, मी रिकामी गाडी तिरकी घालून पार करायची, आणि माणसांनी पुढे चालत येऊन परत बसायचे. सुचित्राला घेऊन दादरला गेलो की ती गाडीत कमी आणि रस्त्यावर जास्त असे. एकदा तिची जुनी विद्यार्थिनी भेटली आणि म्हणाली, "बाई, सर तुम्हाला घेत का नाहीत गाडीत?"

चाळ जाऊन टॉवर झाला आणि आम्हाला यांत्रिक पार्किंग मिळाले. लोखंडी ताटावर गाडी चढवायची, बटण दाबले की ताट वर जाते. सोसायटीचा सेक्रेटरी हितेंद्र सावंत याने पहिल्याच दिवशी सांगितले, "काका, ही गाडी यात अडकणार." मी म्हटले, "हितेंद्र, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी लिफ्टा चालवतोय." तो जन्मलेला होता, पण मुद्दा तो नव्हता. त्यानंतर त्याने गाडी हलवण्याच्या इतक्या नोटिसा लावल्या की नोटीस बोर्डावर पाणी कधी येणार हे लिहायला जागा उरली नाही.

मे महिन्यात हितेंद्रच्या मुलीचे, प्रितीचे लग्न दादरच्या हॉलवर होते. त्या सकाळी मी गाडी बाहेर काढत होतो. पुढची पट्टी ताटाच्या कडेखाली शिरली आणि गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर बसली. वाटेत काही अडकले की ते ताट जागचे हलत नाही, मोटर मात्र जोर लावत राहते. हितेंद्र बटण दाबत राहिला. मी म्हटले, दाबू नकोस. त्याने आणखी दाबले. मोटर जळली. तिच्या वासाबरोबर सगळ्यांच्या लक्षात आले की नवरीची फुलांनी सजवलेली गाडी वरच्या मजल्यावर आहे आणि आता ती तिथेच राहणार.

हितेंद्र सिल्कच्या झब्ब्यात माझ्यासमोर उभा होता. म्हणाला, "काका, मी सांगितलं होतं ना? सांगितलं होतं की नाही?" त्याचे डोळे भरले होते आणि मला पहिल्यांदाच त्याच्याशी भांडावेसे वाटले नाही.

नाना लग्नालाच आला होता. तो नव्या धोतरात जमिनीवर आडवा झाला, गाडीखाली डोकावला आणि म्हणाला, "नाक एक बोटभर उचललं तर सुटेल. जॅक जायला जागाच नाही. दौलत, मागे वजन टाक."

वजन आवारात भरपूर होते. मी डिकी उघडली. प्रितीचे दोन मामा फेट्यांसकट आत बसले. नाक थोडे उचलले, पुरेसे नाही. नानाने हितेंद्रकडे पाहिले. सोसायटीचा सेक्रेटरी, वधूपिता, ज्याने या गाडीवर नोटिसा लावल्या, तो झब्बा सावरत दोन मामांच्या मध्ये डिकीत जाऊन बसला. नाक उठले, पट्टी सुटली, मी क्लच सोडला आणि गाडी तिघांना घेऊन आवारात आली. बँडवाल्यांना वाटले हीच वरात, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

हितेंद्र डिकीतून उतरून टॅक्सी बोलवायला निघाला. तोवर प्रिती शालू सावरत माझ्या शेजारच्या सीटवर बसली होती. म्हणाली, "पप्पा, तुम्ही टॅक्सीने या. मी काकांच्या गाडीतून जाते. मला लहानपणापासून बसायचंय हिच्यात, तुम्ही बसू दिलं नाहीत."

सुचित्रा मागे बसली. आम्ही निघालो. पहिला स्पीडब्रेकर आला तशी सुचित्रा सवयीने उतरली आणि प्रितीला म्हणाली, "चल गो, उतर." मुंडावळ्या बांधलेली नवरी आणि माझी बायको हातात हात घालून लालबाग ते दादर टप्प्याटप्प्याने चालल्या. मागे वऱ्हाडाच्या टॅक्सीही प्रत्येक वेळी थांबत.

परळला सिग्नलवर खोळंबलो आणि तापमानाचा काटा चढू लागला. मी नेहमी अशा वेळी काय करतो ते सांगण्याची मला लाज वाटत होती. प्रिती काट्याकडे बघत म्हणाली, "काका, हीटर लावा ना. फुल करा. इंजिनाची गर्मी आत येऊ दे."

मी म्हटले, "अगो, मे महिना आहे. तुझा मेकअप."

"मेकअप परत होईल. इंजिनाचं हेड वाकलं तर काय करणार?" आणि तिनेच हात पुढे करून हीटर लावला.

काटा उतरला. दादरला पोहोचलो तेव्हा तिचे काजळ हनुवटीपर्यंत आले होते. सासूबाई ओवाळायला पुढे आल्या, तिला पाहून घाबरल्या, म्हणाल्या, "अगं, इतकी रडलीस?" प्रिती म्हणाली, "नाही आई, इंजिन वाचवलं." मुहूर्त टळला नाही.

८. माझी इच्छा आधी अशी होती की गाडी आकांक्षास द्यावी. प्रितीच्या लग्नानंतर मी तिला विचारले. ती म्हणाली, "बाबा, खरं सांगू? मला ती गाडी कधीच आवडली नाही. मला तुम्ही तिच्याखालून हात काळे करून बाहेर येता ना, तेवढंच आवडतं. ते काही तुम्ही लिहून देऊ शकत नाही." दोन दिवस मला वाईट वाटले. मग पटले.

९. तेव्हा मी प्रितीला विचारले. ती माहेरी आली होती. तिने गाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "घेते. पण आखूड स्प्रिंगा आणि ती पट्टी काढायची. मूळच्या स्प्रिंगा बसवायच्या. नाही तर नको."

मी उठून घरी आलो. बरेच दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती खाली दिसली की मी लिफ्टमध्येच थांबत असे. शेवटी नानाला फोन केला. मूळच्या स्प्रिंगा त्याच्याकडे होत्या. त्याच्या बायकोने, राधावहिनींनी, त्या कुंड्यांखाली ठेवल्या होत्या आणि जुनी चाळ सोडून नव्या इमारतीत जातानाही कुंड्यांसकट नेल्या होत्या. एकीवर मोगरा होता. वहिनी म्हणाल्या, "मोगऱ्याला काय देताय बदल्यात?" आखूड स्प्रिंगा दिल्या. मोगरा आता जमिनीला धरून बसला आहे.

प्रिती, नाना आणि मी, तिघांनी मिळून काम केले. प्रितीने बोल्ट माझ्यापेक्षा लवकर सोडले. संध्याकाळी सुचित्राला घेऊन मी गिरगाव चौपाटीपर्यंत गेलो. प्रत्येक स्पीडब्रेकरला ती दाराला हात घाली आणि मी म्हणे, "बस, बस." चौपाटीला ती म्हणाली, "सगळं दिसतं की हो आतून." इतक्या वर्षांत तिने तो रस्ता बसून पाहिला नव्हता.

सबब, सदर गाडी, तिचे सर्व सुटे भाग व कागदपत्रांसह, माझ्या पश्चात चि. सौ. प्रिती हिला देण्यात यावी. तिच्या सासरच्या इमारतीत पार्किंग नाही. त्यामुळे ती गाडी कायमस्वरूपी गोमती हाइट्समध्ये, तिचे वडील हितेंद्र यांच्या जागेत उभी राहील. हे मला प्रितीने स्वतः हसत हसत सांगितले आहे.

साक्षीदार म्हणून हितेंद्रला मी काल वर बोलावले आणि या कलमाचा कच्चा मजकूर वाचून दाखवला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागद स्वतः वाचला. सुचित्राने चहा आणला तो त्याने घेतला नाही. खिडकीशी जाऊन खाली पार्किंगकडे पाहिले. मग माझे दोन्ही हात हातात घेतले आणि अगदी मनापासून म्हणाला, "काका, तुम्ही शंभर वर्षं जगा."

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे म्हणून खाली सही करतो.

(सही) दौलत शामराव कुडतरकर

आमच्या देखत सही झाली, आम्ही एकमेकांच्या देखत सह्या केल्या:

साक्षीदार १: (सही) हितेंद्र सावंत, सेक्रेटरी, गोमती हाइट्स

साक्षीदार २: (सही) कमळाबाई पेडणेकर, शेजारी

ठिकाण: लालबाग, मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५