गालावरच्या गाठी

८ जुलै १९६४, वणी
डाव्या गालावर आणखी एक आली. ही वर दिसत नाही, आत आहे. बोट लावलं की कानापर्यंत ठणका. त्या कुशीवर झोपताच येत नाही. वसतिगृहात साऱ्याच मुलींना पुटकुळ्या येतात अन् जातात. माझ्याच काहून मुक्कामाला येतात? मॅट्रिकचं वर्ष. भूमिती समोर, हात गालावर.

१५ जुलै
शांताचे उपाय. ती पुसदची, माझ्या शेजारी झोपते, तिला सगळ्या दुखण्यावर काहीतरी ठाऊक असतं. जायफळ झालं, हळद झाली, कडुनिंबाचा पाला झाला. काल लिंबू, नुसती आग. आज म्हणाली, "थांब व, दाबून टाकू एकदाची." दाबली. आधी रक्त, मग पू. आता गाल सुजून डोळा बारीक झाला आहे. शांता घाबरली. मीही.

२ ऑगस्ट
अधीक्षिका बाईंनी बोलावलं. दारातच उभं केलं.
"हे लागट तर नाही ना?"
"माहीत नाही, बाई."
"मग ताट-पेला वेगळा ठेव. पंगतीत बसू नकोस. मला बाकीच्या मुलींचंही बघावं लागतं."
स्वयंपाकघराच्या दाराशी एकटी जेवले. भाजी वरून टाकली, पळी ताटाला लागू न देता.
आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी लहान होते. पण त्याआधीचं मायचं ओंजळीनं पाणी पिणं मला आठवतं. वरून धार सोडायचे. बाईंना माझा गाल दिसला की दुसरंच काही...
नाही लिहीत.

३ ऑगस्ट
शांतानं अंथरूण खिडकीकडे नेलं. "इथं उकडते," म्हणाली. बाहेर पाऊस.

१६ ऑगस्ट, राजूर
घरी आले. माय चुलीपुढून उठली अन् तोंड हातात धरून पाहतच राहिली. आता दोन्ही गाल, हनुवटीही. "उष्णता हाये. लगन झालं का जाते," म्हणाली, पण आवाज तसा नव्हता. शेजारची काकू आली, पाहून गेली, दारातून मायशी काहीतरी हळू बोलली. मी ऐकलं. महारोग.
बा खाणीतून आला. कोळशाचं तोंड धुवायच्या आधी माझं तोंड पाहिलं.
"दुखते का तुले?"
"हो."
"मंग सांगतलं काहून नाही?"
ताटाचंही सांगितलं. तो पाणी अंगावर घेत राहिला, बादली रिकामी झाली तरी उठला नाही.
काकूनं मरीमायच्या नवसाचं काढलं तेव्हा मात्र बोलला, "थे आता आपल्या घरात नाही."

२० ऑगस्ट, वणी
बा वणीच्या डॉक्टरांकडे घेऊन आला. मलम दिलं. मेथी-पालक खा, तेलकट नको, हात लावू नको. हात लावू नको, हेच कठीण. हात आपोआप जातो.

२५ सप्टेंबर
मलम संपलं. जुन्या गाठी बसल्या तिथं खड्डे. नव्या आल्याच. डॉक्टरांनी आज बोटानं चाचपून पाहिलं अन् साफ सांगितलं, "साध्या पुटकुळ्या असत्या तर मी थांबा म्हटलं असतं. ह्या खोल आहेत, दुखतात, खड्डे पाडून राहिल्या. नागपूरला चामडीचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. जितका उशीर तितके खड्डे."
विचारलं नाही मी, ते दुसरं. त्यांनीही काढलं नाही.

४ ऑक्टोबर, राजूर
मायचा नकार. "परीक्षा होऊ द्या." मग चूल फुंकता फुंकता खरं बोलली, "तिथं नेलं अन् थेच निघालं तं?"
बा म्हणाला, "निघालं तं निघालं. दवा तं होईन."
मी दोघांच्या मध्ये बसलेली. मला कोणीच विचारलं नाही. माय म्हणते तेच मला वाटत होतं. न कळलेलं बरं. कळलं की शाळा संपली.
पण गाल असा ठणकत होता की मीच म्हणाले, "जाऊ."

९ ऑक्टोबर
नागपूर. बाकावर बसून बसून पायांना मुंग्या आल्या. चामडीचे डॉक्टर म्हातारे, चष्मा कपाळावर. डोळे मिटायला लावले. गालावर कापूस फिरवला. "कळलं?" कळलं. हातावर, पायावर. "कळलं?" प्रत्येक वेळी कळलं. मग टाचणी. तीही कळली! मला हसू आलं अन् रडू.
"महारोग नाही. त्यात चामडी बधिर होते. ह्या तारुण्यपीटिकाच, पण वाईट जातीच्या. इतके दिवस काय करत होतात?"
लिंबू सांगितलं, दाबल्याचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. गोळ्या अन् रात्री लावायचं गंधकाचं पिवळं औषध. महिने लागतील. काही खड्डे राहतील. "राहतील," असंच म्हणाले, डोळ्यात बघून.
बा निघता निघता थांबला. "साहेब, एका ताटात जेवता येते ना?"
"कोणी नको म्हणालं?"
बानं बाहेर निंबाखाली फडकं सोडलं, माझ्या उष्ट्या भाकरीचा तुकडा तोडून खाल्ला. त्याला भूक नव्हती, मला माहीत आहे.

१२ ऑक्टोबर, वणी
बाईंना सांगितलं. लागट नाही. "बरं झालं हो," म्हणाल्या. "तरी थोडे दिवस असू दे वेगळंच. मुलींच्या मनाला सवय व्हायला नको का?"
कोणाच्या मनाला?
जेवायच्या वेळी माझं ताट उचललं अन् पंगतीत नेऊन ठेवलं. बसले. माझ्या अन् शेजारच्या मुलीच्या मधे एक जागा रिकामी राहिली. बाईंनी पाहिलं. ताटातलं सगळं संपवलं.

२९ नोव्हेंबर
नव्या गाठी कमी. कपाळावर एक आहे, लहान. खड्डे आहेत तसेच. शांता आज पंगतीत सरकून माझ्या बाजूला बसली. "माह्यावर रागवली का?" हो म्हणाले. ती तिथंच बसून राहिली.

१४ डिसेंबर
परवा वसतिगृह तपासायला पाहुणे येणार. इथंच जेवणार. वाढायला मुली निवडायच्या आहेत. बाई एकेकीकडे बघत नावं घेत होत्या, माझ्यावरून नजर पुढे गेली. हात वर केला.
"मी वाढते, बाई. पोळ्या."
बाईंनी माझा चेहरा नीट पाहिला, पहिल्यांदाच एवढ्या जवळून.
"बघू," म्हणाल्या.
नावं उद्या सकाळी सांगणार आहेत. वाढताना नेसायचं पांढरं पातळ धुऊन वाळत घातलं आहे.