बर्फातला हात

अण्णा,

तुम्ही असतात तर आधी पोटभर हसला असतात. तुमची लेक घरी द्राक्षाची वाईन करते आहे, तीही जुन्या फ्रिजात, एका छोट्या कंट्रोलरच्या भरवशावर. त्याला वायरीच्या टोकाला दोन सेन्सर असतात. एक रसात बुडवायचा, एक फ्रिजच्या हवेत सोडायचा. रस तापू लागला की हा पठ्ठ्या आपणहून फ्रिज चालू करतो. पण दोन्ही सेन्सर तापमान खरं सांगतात की नाही, हे आधी वितळत्या बर्फात, म्हणजे शून्य अंशावर, तपासावं लागतं. सकाळी तपासलं, तर एकही शून्य दाखवेना आणि एकमेकांशीही जुळेना. बनवणाऱ्याला चार शिव्या हासडणार, तोच तुमचा आवाज आठवला.

पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तुम्ही मशिनवर कामाला होतात. द्राक्षांचा हंगाम लागला की थर्मामीटर रोज बर्फात घालून तपासायचात. एकदा मला सोबत नेलंत, आणि मी थर्मामीटर पातेल्याच्या बुडाला टेकवून मोठ्या ऐटीत आकडा वाचला. तुम्ही सगळ्यांदेखत खेकसलात, "अगं, पातेलं मोजती का बर्फ? बर्फ चुरून घाल, पाणी नावाला. अन् ढवळत ऱ्हा, लय घाई नाय करायची." मी फुगून बसले. घरी निघताना तुम्ही गारठलेला हात हळूच माझ्या मानेवर ठेवलात, मी किंचाळले, आणि रुसवा तिथेच संपला. पुढे तो रोजचाच खेळ झाला. तुम्ही कामावरून येता, मी पाठमोरी अभ्यासाला बसलेली, आणि दारात चप्पल वाजली की मान आखडून वाट पाहते आहे.

आजही मी तेच केलं होतं. बर्फाचे मोठाले खडे, भरपूर पाणी, सेन्सर बुडाला टेकलेले. मग बर्फ फडक्यात बांधून लाटण्याने कुटला, जास्तीचं पाणी ओतून टाकलं आणि ढवळत राहिले. "पातेलं मोकळं होणारे का आज? चहा टाकायचाय," नवरा विचारून गेला. हळूहळू आकडे जवळ आले. उरलेला फरक कंट्रोलरमध्ये भरला, तसे दोघं शून्यावर थांबले. तुम्हाला दाखवावंसं फार वाटलं, अण्णा. फार.

हा कागद ओट्यावरच राहील, पाठवायचा तरी कुठे? एक मात्र सांगते, नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. काम झाल्यावरही मी हात बर्फातच ठेवला, बोटं बधिर होईपर्यंत, आणि मग स्वतःच्या मानेवर ठेवला. तेव्हाही हात येणार हे ठाऊक असायचं, तरी दचकायचे. आज दचकले नाही.