झाडाचं माप

३ फेब्रुवारी
नोटीस आली. रस्ता रुंद होणार. दुकानासमोरच्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर तीनशे सेंटिमीटर भरला तर झाड राहील, रस्ता वळसा घेईल आणि माझं टेलरिंगचं दुकान वाचेल. नाहीतर झाडही जाईल, दुकानही. मोजणी १२ मार्चला.
घेर मोजण्यात एकतीस वर्षं गेली माझी. काळजीचं कारण नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी
दोन टेप जोडून मोजलं. २९६. चारच कमी. सव्वा महिन्यात सहज भरतील.
छाती कोणाची, ते नोटिशीत नाही. मी माझी धरली. माझी जरा खाली येते आणि तिथे खोड जाड आहे. त्याला माझा इलाज नाही.

५ फेब्रुवारी
बायको म्हणाली, टेपखाली दोन बोटं कशाला घालता? म्हटलं, दोन बोटं लूज ठेवल्याशिवाय मी कुठलंच माप घेत नाही. म्हणाली, झाडाला शर्ट शिवायचाय का? हिला धंद्यातलं काही कळत नाही.

१० फेब्रुवारी
झाडाला रोज दहा बादल्या पाणी घालण्याचा संकल्प. आज चार. कंबर धरली.

१९ फेब्रुवारी
२९८! पाणी लागू पडलं. गेला आठवडा घातलं नव्हतं, म्हणजे विश्रांतीही लागू पडते.

२७ फेब्रुवारी
शेजारचा चावीवाला पर्यायी जागेचा फॉर्म घेऊन आला. त्याची टपरीही याच झाडाखाली. माझ्यासाठीही एक आणला होता. उद्या शेवटची तारीख. मी त्याला आकडे दाखवले. म्हटलं, फॉर्म भरणं म्हणजे हार मानणं. त्याने स्वतःचा फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, तुमचं माप आहे, चुकेल कसं.
माझ्या फॉर्मवर कॉलरचा नमुना कापला. कागद चांगला आहे.

८ मार्च, दुपारी
३०१!! आज बोटं जरा जाड वाटली, पण उकाडा आहे. बायकोला सांगितलं. ती माळ्यावरून रिकामी खोकी काढायला लागली. आनंद झाला असणार.

१२ मार्च
साहेब आले. सहा फूट उंच. छाती त्यांनी स्वतःची धरली. पोलादी टेप, करकचून ओढला. २८४.
म्हटलं, जरा सैल सोडा ना साहेब. त्यांनी विचारलं, का? एकतीस वर्षांत हे कुठल्या गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं. पुन्हा मोजायला लावलं. २८३.

१३ मार्च
अपील करायला गेलो. कारकून म्हणाला, मापावर अपील नसतं. पर्यायी जागेच्या खिडकीवर गेलो. तारीख उलटून गेली होती, हे मला माहीत होतं. तरी रांगेत उभा राहिलो.

२२ मार्च
झाड पाडलं. पाऊण तास लागला. दुकान उद्या.
चावीवाला सामान टेम्पोत भरत होता. जागा कशी मिळाली, विचारलं. खाली मान घालून म्हणाला, फॉर्म त्याच दिवशी भरला होता, तुम्हाला तोंडावर सांगवेना. बायकोलाही ठाऊक होतं म्हणे. वाईट वाटलं. दुकान जाण्याचं तर आहेच, पण सगळे मला सांभाळून घेत होते, याचं जास्त.
नव्या टपरीत तो मला कोपरा देतोय. स्टूल मावेल, मशीन मावणार नाही. बटणं लावायला बसा म्हणाला. हो म्हटलं.
बटणांना माप घ्यावं लागत नाही, असंही म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला.