पेंड्या लोकेशच वाहील

सुधारगृह, १० जुलै २०२४

ती. आत्यास लोकेशचा सा. न. वि. वि.

सत्तावीस तारखेला मला सोडणार आहेत. पण मी गावात येत नाही. गुणवंतरावांचा पाण्याचा पंप मी चोरून विकला, हे चिमूरपर्यंत साऱ्यांना ठाऊक आहे. सोमाजीकाका भेटायला आले तेव्हा म्हणाले, यायचंच असेल तर शेवटच्या एसटीनं ये, तोंडाले दुपट्टा बांधून ये. त्यापेक्षा मी तेलंगणात मजुरीला जातो. तू एकटी पडशील, एवढंच वाईट वाटतं. लोभ तोडू नकोस.

तुझा लोकेश

गाव, १७ जुलै

चि. लोकेशला आत्याचे आशीर्वाद आणि पाठीत एक रट्टा.

तुझी आई गेल्यावर या हातांनी भात भरवला, तो तू पळून जावं म्हणून नाही. सोमाजीला मी सांगितलं, तो दुपट्टा तूच बांध.

यंदा धानाच्या रोवण्याच्या बारा बायांची म्होरकी मी आहे. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, पऱ्ह्यातून उपटलेल्या रोपांच्या पेंड्या आमच्या हाताशी लोकेशच आणून देईल. ज्या शेतकऱ्याला तो चालत नाही, त्याच्या चिखलात आम्ही उतरणार नाही. बायनाबाई म्हणाली, पोट्ट्यानं पंप नेला, आपले हात तं नाई नेले! साऱ्या हसल्या आणि कबूल झाल्या. गुणवंतराव तणतणत आले. त्या पोट्ट्याचा पाय माह्या धानाच्या बांधीत नाई पाह्यजे, म्हणाले. मी म्हटलं, मग तुम्हीच वाका कमरेत. आता रोवण्यावाचून त्यांचे पऱ्हे पिवळे पडताहेत. पडू देत! लोभ माझा आहेच, तू फक्त घरी ये.

तुझी आत्या, सुगंधा

सुधारगृह, २२ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. येतो. पण एक ऐक, रागावू नकोस. गुणवंतरावांचा रोवणा अडवू नकोस. पंप मी नेला, आता धानही माझ्यापायी जायला नको. पत्र मिळताच त्यांच्या बांधीत उतरा. बाकीच्यांकडे तुझी अट खुशाल चालू दे.

मी आलो की त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर उभा राहीन. पंप मीच नेला, हे त्यांना तोंडावर सांगीन. मला कामाला नाही म्हणायचं तर त्यांनीही माझ्या तोंडावर म्हणावं. म्हटलं तरी मी गाव सोडणार नाही.

सत्तावीसला सकाळच्या एसटीनं येतो. भर चौकात उतरेन, तोंड उघडं ठेवून. शेवटची गाडी सोमाजीकाकांसाठी राहू दे. लोभ आहेच, भात थोडा जास्त टाक.

तुझाच लोकेश