अलमासची नोंद

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५
झालं एकदाचं! तिसरीच्या एकतीस लेकरांच्या वर्णनात्मक नोंदी चाळीस मिनिटांत. शेजारच्या वर्गाच्या धनसिंग सरांनी माझ्या फोनात एआय घालून दिलं. मी लेकराबद्दल दोन-चार शब्द टाकायचे, वाक्यं ते करतं. अलमाससाठी टाकलं – 'बोलत नाही, गडबड नाही.' आलं – 'शांत व एकाग्र. शिक्षकांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकते.' तसंच प्रगतिपत्रकात उतरवलं.
एरवी चार दिवस जातात. तरी चैन नाही. काहून, कळत नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
पालकसभा. अलमासची आई मदीनाबी सोयाबीनची काढणी सोडून आली. तिला वाचता येत नाही, म्हणून नोंद मीच वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाई, घरी तर तीन-तीन हाका मारल्याबिगर बघत न्हाई. शाळंत कशी ऐकते?"
मी प्रगतिपत्रक मिटून तिच्या हाती दिलं. पुढच्या पालकांशी काय बोलले, आठवत नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
अलमासच्या मागं जाऊन उभी राहिले. नेहमीच्या आवाजात तिचं नाव घेतलं. सगळा वर्ग वळला – ती नाही. शेजारच्या आरोहीनं कोपरानं ढोसलं, तेव्हा वळली. माझ्याकडे बघून हसली.

शनिवार, ११ ऑक्टोबर
कशातच मन लागलं नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर
मदीनाबी, अलमास आणि मी – एसटीनं वसमतला, कानाच्या डॉक्टरांकडे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. यंत्र लावलं तर पुष्कळ फरक पडेल म्हणाले. कधीपासून असं आहे, त्यांनी विचारलं. मदीनाबीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
अलमासला पहिल्या रांगेत, माझ्या तोंडासमोर बसवलं. एकतीसही नोंदी रद्द. आता एकेकाला जवळ बसवून, बोलून, बघून लिहितेय. दिवसभरात सहाच झाल्या. धनसिंग सर म्हणाले, एवढी तकलीफ काहून करून राहिल्या, नंतर भाषा तेवढी एआयकडून नीट करून घ्या. तेही बराबर आहे. पण लेकरू बघायचं काम माझं. फोननं अलमासला कधी पाहिलं होतं? सगळा राग त्या फोनवरच निघतोय.

बुधवार, १५ ऑक्टोबर
मागच्या वर्षीची नोंदवही काढली. दुसरीलाही या लेकरांना मीच होते. तेव्हा माझ्या फोनात एआय नव्हतं, नोंदी हातानंच केल्या होत्या.
अलमास – 'गुणी मुलगी. वर्गात काही त्रास नाही.'
अक्षर माझंच.